माळवाडीचं शेफिल्ड

आकाराम लोहाराला पोलादातलं काही कळत नाही, हे माळवाडीला १९४६ सालच्या दिवाळीत समजलं. त्याआधी तीस वर्षं तो गावाचे फाळ, खुरपी, कोयते आणि चाकू करत होता, आणि ते कापतही होते. पण ते का कापतात याचं शास्त्र सांगणारा माणूस गावात नव्हता. मग लढाई संपली, पलटणी मोडल्या आणि हवालदार हंबीरराव इटलीहून घरी आले. तेवढी उणीव भरून निघाली.

हंबीरराव लढाईत कोठारावर होते. तोफेचा आवाज त्यांनी ऐकला होता, लांबून. पण नाना देशांचे सोल्जर त्यांच्या कोठारावरून ये-जा करत, आणि त्यांना सिगारेटी देऊन हवालदारांनी घडीचे तीन चाकू जमवले होते. एक विलायती, एक जर्मन, एक अमेरिकन. इटालियन चाकू त्यांनी घेतला नाही. हरलेल्या देशाचं पोलाद घरात ठेवू नये असं त्यांचं मत होतं. जर्मनीही हरली होती, पण ही शंका त्यांना कोणी विचारली नाही.

रोज दिवस कलला की हवालदार इस्त्रीची विजार घालून चावडीवर येत. मांडीवर लाल फलालीन पसरत. त्यावर तिन्ही चाकू ओळीनं मांडत आणि मग पातं उघडत, नवरीचा पदर सरकवावा तसं हळू.

"ह्ये शेफिल्ड," ते म्हणत. "विलायतेतल्या गावाचं नाव हाय ह्ये. शिक्का बगा, इंग्रजीत हाय. तितलं पोरगं आदी पोलाद वळकतंय, मग आईला. धारबी धरतंय आन लवतंयबी."

मग दुसरा. "ह्ये जर्मन. लय कडक. धार सोडायचं न्हाई. पर वाकवाय जाशीला तर कट्‌दिशी जाईल."

मग तिसरा. "अमेरिकन. ह्येला गंज ठावं न्हाई. लिंबू काप, मीठ लाव, पान्यात टाक. पर धार गेली की पुन्ना लावता लावता दगड झिजंल."

"आन आमच्या आकारामाचं?" कोणीतरी विचारायचंच.

हवालदार आकारामाकडे मायेनं बघत. "त्येचं लोकंड हाय," ते म्हणत. घरात एखादं पोर जरा मंद असावं आणि ते पाहुण्यांना सांगावं लागावं, तसा त्यांचा आवाज होई.

आकाराम चावडीच्या पायरीवर बसून ऐकायचा. खरं म्हणजे हवालदार सांगत ते चूक नव्हतं. कडक पातं तुटतं, मऊ पातं वाकतं, हे आकारामही जाणून होता. फक्त त्याला हे सांगताना फलालीन लागत नसे. त्याला टोचायचं ते वेगळंच. या तीन चाकूंनी इटली सोडल्यापासून काहीही कापलेलं नव्हतं. हवालदारांच्या घरी भाजी विळीवर चिरली जायची आणि त्यांची नखं न्हावी काढायचा. इतकं ज्ञान आणि इतका उपवास एका जागी आकारामानं पाहिला नव्हता.

पण गावाला ज्ञान पटलं. लोक वडूजच्या बाजारातून शिक्क्याचे चाकू आणू लागले. मेंढरांची खुरं तासायला दर वर्षी आकारामाकडून चाकू नेणारा दादासो धनगरसुद्धा त्या साली नवा चाकू हातात फिरवत म्हणाला, "आकाराम, ह्येच्यावर शिक्का कुटाय?"

"शिक्क्यानं खुरं तासणार हायस व्हय?"

"तसं न्हाई गड्या. पर असला म्हंजे बरं वाटतंय."

पौषात हवालदार सोल्जर बोर्डाच्या कामाला चार दिवस साताऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बायको अंबूबाई लोहारशाळेत आली. पदराखाली फडक्याची पुरचुंडी होती आणि चेहरा पांढराफटक. आकारामाची बायको साळूबाई भाता ओढत होती. तिनं हात थांबवला.

अंबूबाईनं पुरचुंडी सोडली. आत शेफिल्ड होता, दोन तुकड्यांत.

"कपडे उनात टाकाय टरंक उगडली हुती," ती म्हणाली. "रॉकेलच्या डब्याचं झाकण निगंना. चाकू हाताशी हुता. जरा नेट दिला आन..." तिनं तुकडे पुढं सरकवले. "आकारामभाऊ, जोडून द्या."

"वयनी, पातं जोडत न्हाई. नवं करावं लागतं."

"मग नवं करा. पर त्येंनी वळकाय न्हाई पायजे. ल्योक परदेशात ऱ्हायल्यावानी त्येंचा जीव हाय ह्येच्यात."

आकारामानं तुटलेलं तोंड उन्हात धरलं. आतला दाणा रव्यासारखा जाड होता. तापवताना आच जास्त झाली होती, दुसरं काही नाही. म्हणजे विलायतेतही एखादा लोहार घाईला येतो आणि एखाद्या दिवशी त्याचं लक्ष नसतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला शेफिल्डविषयी आपुलकी वाटली.

औंधाच्या वाटेवर एका मिलिटरी ट्रकचा, चाकाचे धक्के झेलणारा पोलादी कमानपाटा मोडला होता, तो ड्रायव्हरानं तिथंच टाकून दिला होता. तो तुकडा आकारामाकडे पडून होता. त्यातून त्यानं पातं काढायला घेतलं. साळूबाई घण मारत होती, तो सांडशीनं पातं फिरवत होता. अशा भीतीनं त्यानं कधी काम केलं नव्हतं. एका बाईचा संसार त्या बोटभर लोखंडावर आहे असं त्याला वाटत होतं. लोखंड लाल होऊ दिलं, पांढरं होऊ दिलं नाही. पाणी पाजलं, मग कडकपणा जरा उतरावा म्हणून पातं मंद निखाऱ्यावर धरून रंग चढायची वाट बघितली. गवताच्या काडीसारखा पिवळा आला, मग तांबूस. जांभळ्याची चाहूल लागताच त्यानं ते उचललं. जुन्याच शिंगाच्या मुठीत ते बसवलं, राखेनं घासून जुनं दिसेल असं केलं.

राहिला शिक्का. इंग्रजी अक्षरं त्याच्या बापजन्मात त्यानं वाचली नव्हती. मोडका तुकडा समोर ठेवून त्यानं बारीक छिन्नीनं एकेक रेघ कोरली. पहिलंच अक्षर सापासारखं वळवळत होतं. त्याला तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे कळेना, तेव्हा त्यानं अंदाजानं एक बाजू धरली.

हवालदार परत आले. चावडीवर फलालीन पसरली. शेफिल्ड उघडला, अंगठा धारेवरून फिरवला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. आकाराम पायरीवर बसून जमिनीकडे बघत होता.

"बगा," हवालदार म्हणाले. "चार दिस टरंकेत पडून धार वाढलीया. विलायती पोलाद म्हंत्यात ते ह्येला. इसावा दिला की सुदारतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावातल्या कोणत्याच वस्तूत विसावा दिल्यानं सुधारणा झालेली कुणी पाहिली नव्हती, माणसांतही नाही; पण पलटणीत राहून आलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

आठवड्यानं शाळेचे नानासो मास्तर चावडीवर आले. गावात इंग्रजी वाचता येणारे ते एकटे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पातं डोळ्यांशी नेलं. "हवालदार," ते म्हणाले, "यातला एस उलटा आहे."

आकारामानं पटका कपाळावर खाली ओढला. हवालदारांनी चाकू परत घेतला. पुष्कळ वेळ निरखला. इटलीत रोज हातात घेतलेला एस सरळ होता की उलटा, हे त्यांना काही आठवेना, आणि आठवत नाही असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "रयतेचा माल येगळा आन राजाच्या पलटणीचा माल येगळा. पलटणीच्या मालावर एस उलटाच असतोय. चोरीला गेला तर वळकाय."

मास्तरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून उलटा एस व्याख्यानात आला, आणि सरळ एसचे चाकू बाळगणाऱ्यांची हवालदारांना कीव येऊ लागली.

आकारामाची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. रोज तो पायरीवर बसायचा, रोज आपल्याच पात्याची तारीफ ऐकायचा, आणि रोज त्यानंतर आपल्या लोखंडाची कीव ऐकायचा.

"तुमचंच कवतिक चाललंय की," साळूबाई म्हणायची. "गप ऐका आन सुकानं भाकरी खावा."

"माजं कुटं? विलायतेचं चाललंय."

"मग सांगा जाऊन."

ते तो सांगणार नव्हता. अंबूबाईला शब्द दिला होता. पण चैत्रात एके दिवशी हवालदार बोलून गेले, "आकारामानं जलमभर ठोकलं तरी असलं पातं त्येच्या हातनं व्हायचं न्हाई." आणि आकाराम पायरीवरून उठला.

"लावा पारख," तो म्हणाला. "तुमचे तीन, माजा एक. फुडच्या सोमवारी. दादासो निवाडा करंल."

घरी येऊन त्यानं जुनी कानस शोधून काढली. कानशीइतकं कडक पोलाद त्याच्याकडे दुसरं नव्हतं. या वेळी हात भीतीनं नव्हे, रागानं चालत होते. पाणी पाजलं, पातं बाहेर काढलं, आणि ते निखाऱ्यावर धरायच्या ऐवजी सरळ दगडावर घासायला घेतलं.

"रंग चडू द्या की," साळूबाई म्हणाली.

"न्हाई. कडक ऱ्हाऊंदे. धार जायाच न्हाई पायजे."

"तुमीच सांगता, नुस्तं कडक ऱ्हायलं की तुटतं."

"तू भाता वड."

सोमवारी चावडीसमोर अख्खं गाव गोळा झालं. पारखीला घायपाताचा दोर होता, बाभळीची ओली फांदी होती, आणि शेवटी बाभळीचीच वाळलेली गाठ. दादासो मधोमध बसला. रोज शेकडो खुरं बघणारा माणूस होता तो, चेहऱ्यावरून काही कळू द्यायचा नाही.

दोर कापताना अमेरिकन आधी दमला. त्याला गंज ठाऊक नव्हता तसं कामही ठाऊक नसावं. हवालदार म्हणाले, त्याला इथली हवा मानवली नाही. जर्मन पुष्कळ चालला, पण ओल्या फांदीवर त्याच्या धारेला दात पडला. हवालदारांनी तो लगेच पुसून फलालीनीत ठेवला आणि जर्मनी का हरली हे थोडक्यात सांगितलं. राहिले दोन. आकारामाचा कानशीचा चाकू दोरातून केळीतून जावा तसा जात होता. शेफिल्डला प्रत्येक वेळी जरा जास्त जोर लागायचा. लोक आकारामाकडे बघायला लागले. साळूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिच्या शेजारी अंबूबाई. दोघींपैकी कोणीच हसत नव्हतं.

मग गाठ आली. आकारामानं पातं टेकवलं आणि दाबलं. टण्ण असा आवाज झाला, आणि पात्याचं टोक उडून दादासोच्या पटक्यात जाऊन बसलं.

दादासोनं ते शांतपणे काढलं, तळहातावर ठेवून बघितलं. मग शेफिल्ड हातात घेतला. गाठीवर टेकवला, दाबला, पातं अंगभर लवलं आणि गाठ दुभंगली. त्यानंतर त्यानं त्याच पात्यानं आपल्या मनगटावरचे केस भादरून दाखवले.

"ह्यो," तो म्हणाला. एवढाच निवाडा.

गावानं आरोळी ठोकली. हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून आकारामाजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घिऊ नगंस रं," ते म्हणाले. "त्येंच्या किती पिढ्या ह्यात गेल्यात."

आकारामानं दादासोकडून मोडलेलं टोक घेतलं आणि घराची वाट धरली. आपलं पातं आपल्याच पात्याकडून हरलं, यावर माणसानं कसं तोंड करावं हे त्याला ठाऊक नव्हतं. वाटेत साळूबाई मागून चालत होती. ती काहीतरी बोलेल याची तो वाट बघत होता. ती बोलली नाही, आणि त्याला ते जास्त लागलं. घरी पोचल्यावर त्यानं मोडलेलं टोक भट्टीत टाकलं. मग एकाएकी त्याला हसू फुटलं, आणि साळूबाईला पदर तोंडात कोंबावा लागला.

आषाढात हवालदारांना कळलं की साताऱ्याच्या भरती कचेरीतला हॅरिस साहेब राज्य सोडून विलायतेला चाललाय. आणि चाललाय कुठं, तर आपल्या गावी, शेफिल्डला. त्याचा मामा तिथं चाकूच्या कारखान्यात होता. हवालदारांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं: साहेबाला त्याच्या गावची वस्तू भेट द्यायची. नवी फलालीन आणली, चाकू गुंडाळला आणि साताऱ्याला जाऊन साहेबाच्या हातात ठेवला. साहेबानं पातं उघडलं, बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग फार मोठ्यानं "थँक यू" म्हटलं. हवालदारांनी ते "थँक यू" गावाला आठ दिवस करून दाखवलं.

"गेलं बया," अंबूबाई साळूबाईला पाणवठ्यावर म्हणाली. "सुटले."

दिवाळी सरता सरता साहेबाचं पत्र आलं. हवालदारांनी ते फोडलं नाही. सगळ्यांसमोर वाचायला हवं म्हणून मास्तरांना बोलावणं धाडलं, आकारामालाही खास निरोप दिला. मास्तरांनी पाकीट फोडलं, मनातल्या मनात वाचायला लागले, आणि अर्ध्यात थांबले.

"काय झालं? वाचा की," हवालदार म्हणाले.

"हवालदार, नंतर वाचू. घरी येऊन सांगतो."

"न्हाई. सगळ्यांनी ऐकाय पायजे. लाजू नगा."

मास्तरांनी मराठीतून सांगायला सुरुवात केली. साहेब सुखरूप पोचला. चाकू मामाला दाखवला. मामा पोट धरून हसला. म्हणाला, सगळी हयात इथं गेली, पण उलट्या एसचा शिक्का आमच्या गावात कोणी मारलेला बघितला नाही. हा चाकू शेफिल्डचा नव्हे.

आकाराम पायरीवरच्या मुंग्या बघत होता.

"फुडं हाय का?" हवालदारांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"आहे. मामानं धार लावून बघितली, पातं वाकवून बघितलं. पोलाद मोटारीच्या कमानीचं असावं म्हणतो. पण पाणी इतकं नेमकं दिलंय की त्याच्या हाताखालच्या एकालाही ते जमणार नाही. तुमच्याकडच्या कोणा लोहाराचं काम असेल तर त्याला माझा रामराम सांगा, म्हणतो." मास्तर जरा अडखळले. "रामराम माझा शब्द आहे. त्यानं सलाम म्हटलाय."

सगळे हवालदारांकडे बघत होते. त्यांनी घसा साफ केला, विजारीची इस्त्री दोन बोटांनी सारखी केली.

"मामा म्हातारा झालाय," ते म्हणाले. "त्येला आता पोलादातलं काय कळतंय?"

आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आकाराम शाळेत गेला. पटका नीट बांधला होता. "मास्तर," तो म्हणाला, "ती पाण्याची ओळ तेवडी पुन्ना वाचा. इंग्रजीतनंच वाचा." हवालदारांनी पत्र मास्तरांकडेच टाकलं होतं. मास्तरांनी वाचलं. आकारामाला एक अक्षर कळलं नाही. तो डोळे मिटून ऐकत उभा राहिला. तीस वर्षांत त्याच्या पाण्याबद्दल त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते समुद्रापलीकडच्या एका लोहारानं, ज्याचं नावही त्याला उच्चारता येत नव्हतं.

त्याच दिवशी अंबूबाईनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. रॉकेलचा डबा, मोडकं पातं, सगळं. हवालदार दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लोहारशाळेच्या दारात उभे राहिले. साळूबाई धुण्याला गेली होती, आकाराम एकटाच भट्टीशी होता.

"त्ये पातं," हवालदार म्हणाले, "कशाचं हुतं?"

"ट्रकाच्या पाट्याचं."

"कुटल्या ट्रकाच्या?"

"मिलिटरीच्या."

हवालदारांचा चेहरा जरासा उजळला. मिलिटरी म्हटल्यावर ते परकं राहिलं नव्हतं. "असलाच एक मला करून दे," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, "मी त्या दिशी चावडीवर... आकाराम, लय बोललो मी तुला."

"आता आलायसा तर भाता वडा," आकाराम म्हणाला. "बायकू न्हाई घरात."

हवालदार इस्त्रीच्या विजारीनिशी खाली बसले आणि भाता ओढू लागले. दुपारपर्यंत त्यांचं तोंड काळं झालं होतं. पातं निखाऱ्यावर रंग बदलताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि जांभळ्याची चाहूल लागली तेव्हा ते पोरासारखे ओरडले, "काड, काड, काड!"

आकारामाला वाटलं, आता तरी चावडीवर शांतता होईल. पंधरा दिवस ती होती. मग एके दिवशी लाल फलालीन पुन्हा पसरली गेली, आणि तिच्यावर मोटारींच्या कमानपाट्यांचे तीन तुकडे मांडलेले होते.

"ह्यो मिलिटरी ट्रकाचा," हवालदार सांगत होते. "धार धरतंय, लवतंयबी. ह्यो सातारच्या सर्व्हिस मोटारीचा. जरा मऊ. पाशिंजरं वाहून वाहून ढिल्लं पडतंय. आन ह्यो आटपाडीकडच्या लॉरीचा. कोरड्या हवंत ऱ्हायल्यानं कडक झालाय. हवंचा लय परिणाम असतोय पोलादावर."

गावानं माना डोलावल्या. आकारामाकडे चाकूंची मागणी इतकी वाढली की साळूबाईचे दंड भरून यायचे. दादासोनं दोन नेले. पण प्रत्येक गिऱ्हाईक आता पाटा कुठल्या मोटारीचा आहे हे विचारायचं, काही जण मोटारीचा नंबरही विचारायचे, आणि हवालदार रोज सकाळी लोहारशाळेत येऊन, भात्याशी बसून, आकारामाला पाणी कसं द्यावं ते समजावून सांगायचे.